होकार आला तर?

पत्र :

नमस्कार ताई,
आम्ही चौदा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला आहोत. मुलगी यंदा बारावीत, म्हणजे सीनिअर इयरला. तिच्या डोक्यात एकच नाव आहे, कॉर्नेल. तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं. उन्हाळ्यात इथाकाला कॅम्पस बघून आलो तेव्हापासून दुसऱ्या कॉलेजचं नाव काढू देत नाही. जीपीए, म्हणजे शाळेच्या मार्कांची सरासरी, ३.९२, सॅट या प्रवेशपरीक्षेत १५३०, सात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, रोबोटिक्स टीममध्ये तीन वर्षं. दर शनिवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ली डिसिजनचा, म्हणजे होकार आला तर तिथेच जायचं असा बांधील, अर्ज भरायचा म्हणते. एका कन्सल्टंटने कागद बघून "६० टक्के चान्स" सांगितले. मैत्रीण म्हणते, अर्लीला चान्स तिप्पट होतो, मग विचार कसला करतेस? नवरा म्हणतो, पैशाचं काय? तो अजून एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मुलगी आणि मी एच-४वर, म्हणजे त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डची रांग हलत नाही. तिच्या कॉलेजसाठी १ लाख ४० हजार डॉलर साठवले आहेत. धाकटा आठवीत आहे. खरं सांगा, तिचे चान्स किती? आणि फायनान्शियल एड, म्हणजे कॉलेजची आर्थिक मदत, मागितली की चान्स कमी होतो म्हणतात, तर आत्ता न मागता आधी प्रवेश पदरात पाडून घ्यावा का?
– एक आई, एडिसन

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. नाही, असं करू नका. आत्ता एड न मागता प्रवेश घ्यायचा आणि पुढे बघू म्हणायचं, हा रस्ता बहुतेक ठिकाणी पुढे बंद असतो. जे विद्यार्थी आंतरराष्ट्रीय म्हणून मोजले जातात, त्यांनी प्रवेशाच्या वेळी एड मागितली नाही तर पुढच्या वर्षांतही ती मिळत नाही, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे. आणि तुमची लेक तीन वर्षांची असल्यापासून इथे वाढली असली, इथल्याच बालवाडीपासून शिकली असली, तरी एच-४वर असल्यामुळे बहुतेक खासगी कॉलेजं तिला आंतरराष्ट्रीयच धरतात. हे लिहितानाही मला वाईट वाटतं. आपल्या घराघरांतली ही मुलं स्वतःला इथलीच समजतात. मग अर्जातल्या नागरिकत्वाच्या रकान्यापाशी येतात आणि थबकतात.

आता चान्स. कन्सल्टंटने ६० टक्के सांगितले, ते कशावरून? हा प्रश्न त्यांना विचारा. कॉर्नेलचा एकूण प्रवेशाचा दर गेली काही वर्षं दहा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आहे. मार्क बघून दहाचे साठ कुणी करू शकत नाही. तुमच्या लेकीचे मार्क चांगलेच आहेत, त्यात शंका नाही. पण त्या ढिगातल्या बहुतेकांचे मार्क तसेच आहेत. त्या मार्कांमुळे तिचा अर्ज नीट वाचला जाईल. वाचल्यावर काय होईल ते मार्कांवरून कळत नाही.

मैत्रिणीचं "तिप्पट" मात्र हवेतलं नाही, त्यामागे खरा आकडा आहे. तो जवळून बघू या. कॉर्नेल निकालाच्या दिवशी हल्ली आकडे सांगत नाही, म्हणून उदाहरणाला ब्राउन विद्यापीठ घेते. २०२४च्या शरद ऋतूत जो वर्ग ब्राउनला दाखल झाला, त्यासाठी अर्ली डिसिजनला ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे १४.४ टक्के. अर्ली आणि रेग्युलर, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीतले, मिळून अर्ज ४८,८८१, प्रवेश २,५२१. यातून अर्लीवाले वजा केले की रेग्युलरचा दर उरतो ३.८ टक्के. जवळजवळ चौपट फरक! हे वाचलं की कुठल्याही आईबापाचा हात अर्ली डिसिजनच्या फॉर्मकडे जाणार.

पण त्या ८९८ जणांत कोण कोण होतं? कॉलेजच्या कोचने वर्षभर आधीच हेरून ठेवलेले खेळाडू बहुतेक अर्लीतच अर्ज करतात आणि त्यांचा प्रवेश जवळपास ठरलेला असतो. ज्यांचे आईवडील त्याच कॉलेजात शिकले, तीही मुलं अर्लीत जास्त असतात. समजा, फक्त समजा, असे सगळे मिळून ३०० होते. मग उरले ५,९४४ अर्ज आणि ५९८ जागा. दर आला दहा टक्क्यांवर. म्हणजे कुणाचा कोच नाही, कुणाचे वडील तिथे शिकलेले नाहीत, अशा मुलीसाठी १४ टक्के हा आकडा कधी नव्हताच. फायदा उरतो, तो खरा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

हा उरलेला फायदा कशामुळे, तेही समजून घ्या. अर्ली डिसिजनमध्ये होकार आला की मुलीने बाकी सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असं मुलगी, पालक आणि शाळेची काउन्सेलर तिघं सही करून कबूल करतात. त्यामुळे कॉलेजला कळतं की दिलेल्या जागा भरणारच. मार्चमध्ये होकार दिलेली मुलं चार ठिकाणचे होकार हातात घेऊन बसतात, कोण येईल सांगता येत नाही. ब्राउनचा वर्ग साधारण १,७०० जणांचा असतो. म्हणजे अर्ध्या जागा डिसेंबरमध्येच गेल्या. कॉलेज ही खात्री विकत घेतं. बदल्यात तुम्ही भाव करण्याचा हक्क सोडता. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हा हक्क सोडायला काही लागत नाही. तुम्हाला लागतं. मला राग येतो तो इथेच. हा सगळा खेळ, ज्यांना किंमत विचारायची गरज नाही त्यांच्या सोयीने मांडलेला आहे, आणि आपल्या पालकांना कुणी हे वेळेवर सांगत नाही.

पैशाकडे येते, कारण तुमच्या यजमानांचा प्रश्न पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. कॉर्नेलमध्ये इंजिनिअरिंगचा, राहण्याजेवणासकट, एकूण खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर गेला आहे. वाढ धरलीच नाही तरी चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. तुमचे १ लाख ४० हजार गेले तरी सव्वादोन लाखांच्या आसपास कमी पडतात. आणि धाकट्याच्या कॉलेजला पाचच वर्षं राहिली आहेत. फाफ्सा नावाचा सरकारी फॉर्म भरून मिळणारी सरकारी मदत आणि सरकारी कर्ज एच-४वरच्या मुलीला मिळत नाही. पालकांना मिळणारं सरकारी कर्जही तुम्हाला मिळणार नाही. राहिली खासगी कर्जं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीनदार लागतो. कुठल्या दिरापुढे, कुठल्या मित्रापुढे सव्वादोन लाखांच्या सहीसाठी उभं राहायचं, हे अर्ज भरण्याआधी नवराबायकोंनी एकमेकांशी बोलून घ्या. मी हा प्रसंग एका ओळखीच्या घरात पाहिला आहे. सही मिळाली, पण दोन्ही घरांचं दिवाळीला येणंजाणं थांबलं.

एड मागितली तर चान्स कमी होतो का? कॉर्नेल आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या बाबतीत नीड-अवेअर आहे. म्हणजे अर्ज बघताना या मुलीला किती पैसे द्यावे लागतील हेही बघतं. तेव्हा हो, फरक पडतो. मात्र सगळीकडे पडत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि २०२५मध्ये आलेल्या वर्गापासून ब्राउनही, ही कॉलेजं परदेशी नागरिकांच्या बाबतीतसुद्धा पैशाची गरज न बघता प्रवेश ठरवतात आणि मग लागेल तेवढी मदत देतात. प्रवेश मिळणं तिथे महाकठीण. पण तुमच्या घराचा खर्चाचा हिशेब या यादीत एका वेगळ्या पातळीवर जातो. इंजिनिअरिंग हवं असेल तर त्यात ब्राउन आहे, डार्टमथ आहे, प्रिन्स्टन आहे. कन्सल्टंटने ही यादी दाखवली होती का? नसेल तर त्यांनी मार्क बघितले, घर बघितलं नाही.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं काम या आठवड्यात. कॉर्नेलच्या फायनान्शियल एड ऑफिसला मुलीने स्वतः ईमेल लिहायचं. माझा व्हिसा एच-४ आहे, मला कोणत्या गटात धरणार? एड मागितली तर माझा अर्ज नीड-अवेअर पद्धतीने बघणार का? अर्जावर निकाल लागेपर्यंत ग्रीन कार्ड आलं तर काय बदलेल? आत्ता मागितली नाही तर पुढे मागता येईल का? चार प्रश्न, लेखी उत्तर. फोनवर कुणी काही बोललं ते धरून बसू नका. कॉलेजच्या वेबसाइटवरचा, मदत वजा जाता घराला किती खर्च येईल ते सांगणारा, नेट प्राइस कॅल्क्युलेटरही भरून बघा. पण तो अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, शाळेच्या काउन्सेलरला भेटा, दोघींनी मिळून. तुमच्या शाळेत नेव्हिअन्स, म्हणजे मागच्या मुलांच्या कॉलेज प्रवेशांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, किंवा तसलं काही असेल. त्यात कॉर्नेलचा आलेख उघडा. एका रेषेवर जीपीए, दुसरीवर सॅट, आणि तुमच्याच शाळेतल्या मागच्या मुलांचे ठिपके. प्रवेश मिळाला ते हिरवे, नाकारले ते लाल. आपल्या भागातल्या शाळांत हा आलेख बघताना छातीत धस्स होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तुमची लेक बसते, तिथे हिरवे आणि लाल एकमेकांवर चढलेले असतात. तो कोपरा नीट बघू द्या तिला. पाच मिनिटं काही बोलू नका. मग काउन्सेलरला विचारा की हिरव्यांत अर्लीचे किती, खेळाडू किती, इंजिनिअरिंगचे किती. ती नावं सांगणार नाही, सांगूही नये. पण "यंदा आपल्या शाळेतून कॉर्नेल अर्लीला किती जण जाताहेत?" याचं उत्तर ती बहुधा देईल. हे एवढं एक उत्तर मला ६० टक्क्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

तिसरं, कॉमन डेटा सेट. बहुतेक मोठी कॉलेजं दर वर्षी आपल्या आकडेवारीची ही पीडीएफ काढतात आणि ती फुकट बघता येते. कॉर्नेलची ताजी उघडा. सी विभागात २१व्या प्रश्नाला अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश दिलेले असतात. ९व्याला आलेल्या मुलांच्या सॅटची खालची आणि वरची पातळी. ७व्याला एक तक्ता असतो. मार्क, निबंध, शिफारसपत्रं, स्वभाव, आईवडील तिथले असणं, यांतलं काय "फार महत्त्वाचं" आणि काय "विचारात घेतलं जात नाही", अशा खुणा केलेल्या असतात. एच विभागात, ६व्या प्रश्नाला, परदेशी नागरिकांपैकी किती जणांना मदत दिली आणि सरासरी किती, ते असतं. हा एच विभाग तुमच्या यजमानांना वाचायला द्या. आकडे बघून त्यांचं मन हलकं होईल नाही तर घट्ट होईल. काहीही झालं तरी पुढचं बोलणं भांडणावर जाणार नाही.

अर्जाचाही विचार करा. तो १ नोव्हेंबरला तिचा सर्वोत्तम अर्ज असेल का? अर्लीत कॉलेज मुख्यतः अकरावीपर्यंतचे मार्क बघतं. अकरावीत कुठे घसरण झाली असेल आणि ती यंदा भरून निघत असेल, तर रेग्युलरमध्ये बारावीच्या पहिल्या सहामाहीचे मार्क तिच्या बाजूने बोलतात. निबंधाबद्दल मला एकच खुपलं. तुमच्या पत्रात रोबोटिक्स आणि मराठी शाळा एका ओळीत आहेत, दोन्ही फक्त नावापुरती. शनिवारी सकाळी सहा वर्षांच्या पोरांना "ळ" म्हणायला शिकवताना तिने काय काय करून बघितलं, जीभ कुठे लावायची हे हाताने दाखवलं की आणखी काही, हे मला वाचायला आवडेल. तिच्यासारखे रोबोट केलेले हजार जण त्या ढिगात असतील. इंजिनिअरिंगच्या निबंधात हे कसं आणायचं ते तिलाच सुचू द्या. तुम्ही लिहून देऊ नका, कन्सल्टंटलाही लिहू देऊ नका.

एवढं सगळं केल्यावर माझं मत विचाराल तर असं आहे. एड ऑफिसचं उत्तर आणि एच विभाग बघून तुम्ही दोघं शांतपणे म्हणू शकलात की हो, होकार आला तर आम्ही पाठवू, अमुक रक्कम आम्ही देऊ, तर तिला एड मागूनच अर्लीचा अर्ज करू द्या. चान्स दहात एक धरा. कदाचित थोडा बरा, कदाचित थोडा कमी. एड दिली पण ती पुरेशी नसली, घराला झेपणार नाही असं झालं, तर अर्ली डिसिजनच्या करारातून सुटता येतं, तशी तरतूद करारातच आहे. पण त्यावर भिस्त ठेवून सही करणं मला पटत नाही. सुटलात तरी मुलीचं मन डिसेंबरमध्ये दोनदा मोडतं. आधी हो म्हणून, मग आईबाबांनी नाही म्हटलं म्हणून.

आणि दोघांपैकी एकालाही ती रक्कम म्हणताना घशात आवंढा येत असेल, तर कॉर्नेल रेग्युलरला टाका आणि अर्लीचा मोसम अर्ली ॲक्शनसाठी वापरा. त्यात बांधिलकी नसते. लवकर उत्तर मिळतं आणि मेपर्यंत किमती शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. मेकॅनिकलसाठी पर्ड्यू आहे, इलिनॉय आहे, आपलं न्यू जर्सीचं रट्गर्स आहे. रट्गर्समध्ये एच-४वरच्या मुलीला राज्यातल्या रहिवाशाची फी लागू होते का, हेही लेखी विचारून घ्या. अर्ली डिसिजन केलं तरी हे अर्ली ॲक्शनचे अर्ज सोबत करता येतात, तेव्हा ते दोन्ही परिस्थितींत कराच. मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या काही कॉलेजांच्या अर्ली ॲक्शनला निर्बंध आहेत, ते कॉर्नेलच्या अर्लीबरोबर चालत नाहीत.

आणखी एक. पदवीच्या मधेच तिला एकविसावं लागेल आणि एच-४ संपेल. तोवर एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जायचं की काय, याबद्दल इमिग्रेशन वकिलाशी आत्ताच एकदा बोला. याचा प्रवेशाशी संबंध नाही, पण खर्चाशी आणि तिच्या झोपेशी आहे.

आता जरा माझ्या घरचं. माझ्या मुलाने असंच एका कॉलेजला अर्ली डिसिजन केलं होतं. नाव सांगत नाही. डिसेंबरच्या मध्यात संध्याकाळी सातला निकाल होता. मी खाली वरणाला फोडणी देत होते. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, कारण खोलीत एकट्याने उघडायची त्याला भीती वाटत होती आणि आमच्यासमोर उघडायची लाज. सात वाजून गेले तरी वरून आवाज आला नाही. मी गॅस बंद करून बघितलं तर तो तसाच बसलेला. डिफर. हो नाही, नाहीही नाही, अर्ज रेग्युलरच्या ढिगात टाकला. त्या क्षणी मला कळलं की मी काय चूक केली होती. सगळं त्या एका अर्जावर लावलं होतं आणि बाकीच्या आठ कॉलेजांचे निबंध लिहायचेच राहिले होते. मुदत १ जानेवारी. मध्ये ख्रिसमस, घरी पाहुणे, आणि पोराला आठवडाभर एक ओळ लिहवेना. त्याने शेवटी लिहिलेले निबंध मी नंतर वाचले. त्यांत तो कुठेच नव्हता.

म्हणून तुमच्या लेकीचे बाकीचे सगळे अर्ज थँक्सगिव्हिंगच्या आत तयार करून ठेवा. नुसते मनात नाही. फाइली तयार, निबंध वाचून झालेले, फक्त बटण दाबायचं बाकी. होकार आला तर ते वाया जातील, जाऊ देत. डिसेंबरमध्ये अर्ली डिसिजन दोन नावाचा आणखी एक फाटा समोर येईल. काही कॉलेजं जानेवारीत पुन्हा बांधील अर्ज घेतात, निकाल फेब्रुवारीत. नकाराच्या धक्क्यात, रडवेल्या डोळ्यांनी, तो फॉर्म भरू देऊ नका. पैशाचं जे गणित कॉर्नेलसाठी केलं तेच तिथेही करावं लागतं आणि त्याला दोन आठवडे पुरत नाहीत.

राहिलं इथाका. तिथे तिला नक्की काय आवडलं, ते विचारलंत का? दऱ्या आणि धबधबे, लॅब, तिथली एखादी मुलगी भेटली तिचं बोलणं, की नुसतं नाव? रागाने नको, कुतूहलाने विचारा. गाडीत विचारा, समोरासमोर बसून नको. तिच्या उत्तरात लॅब असेल तर तशा लॅब आणखी पाच ठिकाणी आहेत, आणि ती स्वतःच शोधून काढेल. एड ऑफिसचं उत्तर आलं की मला जरूर लिहा. आणि तो "ळ"चा निबंध झाला तर, तिची हरकत नसेल तर, वाचायला पाठवा.

– ताई